मधले दार काढताना

जुन्या घरांत एखादे दार असे असतेच की जे नावालाच दार उरलेले असते. कुठे त्याच्यापुढे लोखंडी कपाट उभे असते, कुठे त्याच्या कडीला छत्र्या आणि पिशव्या लटकत असतात, कुठे ते वर्षानुवर्षे विटेच्या टेकूने उघडेच ठेवलेले असते. दोन भावांच्या वाटणीत बंद झालेली दारेही आपण पाहतो. त्यांच्या कड्यांवर गंज चढतो आणि मुलांना पलीकडच्या खोलीचा रंगही माहीत नसतो. अशा दाराचे काय करावे, हा प्रश्न बहुधा रंगकाम निघाले की येतो आणि रंगकामाबरोबरच विसरला जातो. आमच्या घरी तो पुढे ढकलता आला नाही. म्हणून जे पाहिले, मोजले आणि शिकलो ते इथे मांडत आहोत.

आमचे घर विटांच्या नऊ इंची भिंतींचे आणि वर स्लॅबचे, चाळीस वर्षांपूर्वी अब्बांनी बांधलेले. पुढे बैठक, तिच्यामागे मधली खोली, बाजूने स्वयंपाकघर. बैठकीतून आत जायला दोन दारे. एक स्वयंपाकघराच्या बाजूचे, रोजच्या वापरातले. दुसरे थेट मधल्या खोलीत उघडणारे. धाकट्या भावाचे लग्न झाले तेव्हा हे दुसरे दार बंद झाले. बैठकीत अब्बांना भेटायला माणसांची सतत ये-जा, आत नवी दुल्हन. शिवाय तिच्या रुखवतातल्या कपाटाला दुसरीकडे जागाही नव्हती. कपाट दारापुढे लागले आणि दार भिंत झाले.

गेल्या पावसाळ्यात अम्मींच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला. अम्मींची खाट मधल्या खोलीत आणि कमोड असलेले न्हाणीघर बैठकीला लागून, पाहुण्यांसाठी बांधलेले. मधले दार बंद असल्यामुळे त्यांना स्वयंपाकघरातून वळसा घालून जावे लागे: दोन उंबरठे, तीन वळणे आणि गॅसच्या ओट्याजवळची अरुंद जागा. एका बाजूने चालले तर एकतीस पावले. फजरच्या वजूसाठी अंधारात उठून अम्मी कुणाला हाक न मारता निघायच्या. आपल्यामुळे कुणाची झोप मोडू नये, हा त्यांचा हट्ट. मधले दार उघडले तर हेच अंतर चौदा पावलांवर येत होते आणि वाटेत वळण एकच.

हिशेब इतका सरळ होता, तरी निर्णय सरळ नव्हता. दुल्हनने (आज ती दोन मुलांची आई आहे, पण घरात सगळे तिला दुल्हनच म्हणतात) शांतपणे विचारले, "दार उघडाल, अम्मींसाठी उघडायलाच पाहिजे. पण बैठकीत तीन-तीन तास माणसे बसतात. त्या खोलीतून मी दिवसातून पन्नासदा जाते. मी डोक्यावरून ओढणी कधी उतरवायची?" यावर घरातल्या पुरुषांकडे उत्तर नव्हते, आणि नसणे बरोबरच होते. दार ही वस्तू दोन कामे करते, ती वाट देते आणि आड देते. आम्हाला वाट हवी होती, पण आड जाणार होती ती दुल्हनची. एकीची सोय दुसरीच्या अडचणीतून काढायची नसेल, तर आधी दोन्ही गोष्टी समोरासमोर ठेवून बोलायला हवे होते.

या निमित्ताने सूरह अन्-नूर पुन्हा वाचली. परक्याच्या घरात शिरण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि सलाम करावा, हा आदेश बहुतेकांना ठाऊक असतो. पण त्याच सूरहमध्ये पुढे, अठ्ठावन्नाव्या आयतीत, घराच्या आतल्या माणसांसाठीही आदेश आहे. घरातल्या सेवकांनी आणि वयात न आलेल्या मुलांनी तीन वेळा विचारून आत यावे: फजरच्या नमाजपूर्वी, दुपारी कपडे सैल करून विश्रांती घेण्याच्या वेळी आणि इशाच्या नमाजनंतर. मुले वयात आली की मग प्रत्येक वेळी. म्हणजे घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याचाही अदब आहे, आणि तो दाराच्या लाकडावर अवलंबून ठेवलेला नाही.

अबू दाऊदमधील एका हदीसमध्ये हजरत अब्दुल्लाह बिन बुस्र (रजि.) सांगतात की प्रेषित मुहम्मद (स.) कुणाच्या घरी गेले की दारासमोर तोंड करून उभे राहत नसत, उजव्या किंवा डाव्या बाजूला थांबून सलाम करीत. कारण त्या काळी घरांच्या दारांवर पडदे नसत. खुद्द हजरत आयेशा (रजि.) यांच्या हुजऱ्याच्या आणि मस्जिदीच्या मध्ये मात्र पडदा होता. शेवटच्या आजारपणात, सोमवारी फजरच्या वेळी प्रेषितांनी तो पडदा बाजूला केला, हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या मागे सफेत उभ्या असलेल्या सहाबांना पाहिले आणि ते हसले, हे बुखारीत हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आले आहे. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला जमात, आणि मध्ये एक कापड. अम्मींना हा प्रसंग लहानपणापासून पाठ. त्याच म्हणाल्या, "मग आपल्याला लाकूड कशाला पाहिजे?"

तरीही कापड कुठे आणि कसे लागणार, हे नुसते बोलून ठरत नाही. आम्ही सुतळीचा एक गुंडा घेतला. बैठकीतल्या प्रत्येक बसण्याच्या जागेवर एकाने बसायचे, डोळ्याच्या उंचीवर सुतळीचे टोक धरायचे, आणि दुसऱ्याने ती दाराच्या दोन्ही कडांवरून ताणून मधल्या खोलीत न्यायची. जिथे सुतळी टेकते तिथपर्यंत नजर पोचते. शाळेत प्रकाश सरळ रेषेत जातो हे शिकवताना आम्ही पुठ्ठ्याला भोके पाडतो. घरात तेच काम सुतळीने झाले. कळले असे की सोफा ज्या भिंतीला होता तिथून खोलीचा निम्मा भाग उघडा पडत होता. तोच सोफा दाराच्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून ठेवला तर बसणाऱ्याला आतले काहीच दिसत नव्हते. अम्मींची खाट आत त्याच भिंतीच्या आडोशाला सरकवली. नजरेचा बराचसा प्रश्न एक रुपया न खर्चता, सामान हलवूनच सुटला. ज्यांच्या घरी परद्याची काळजी आहे त्यांनी गवंड्याला बोलावण्याआधी सुतळी आणावी.

मग दार उघडेच का ठेवायचे, साधी नवी झडप का नको, असे बऱ्याच नातेवाइकांनी विचारले. वॉकर धरलेल्या माणसाने दार कसे उघडायचे याचा कुणी विचार करत नाही. आपल्याकडे उघडणारे दार असेल तर एक हात कडीवर, एक वॉकरवर, आणि दोन पावले मागे. मागे पाऊल टाकणे हेच अशा माणसाला सर्वांत कठीण. शिवाय तीन फुटांची झडप उघडताना तीन फुटांचे अर्धे रिंगण मोकळे ठेवावे लागते. मधल्या खोलीत तेवढी जागा नव्हती. सरकते दार सुचले होते, पण त्याच्या खालच्या पट्टीत वॉकरचे चाक अडते. वरून टांगलेले मिळते, मात्र त्याला शेजारची भिंत पूर्ण मोकळी लागते.

आता बांधकामाकडे वळू. पहिला प्रश्न भिंतीचा. साडेचार इंची भिंत बहुधा नुसती आडभिंत असते. नऊ इंची किंवा त्याहून जाड भिंत स्लॅबचे वजन घेत असते. दोन्हींत असलेले दार फक्त उघडे करायचे असेल, रुंद करायचे नसेल, तर वरच्या लिंटेलला हात लावावा लागत नाही. आमचे काम एवढेच होते. तरी खात्री म्हणून दाराच्या वरचे प्लॅस्टर थोडे खरवडून पाहिले. सिमेंटचे लिंटेल दोन्ही बाजूंनी भिंतीत किमान सहा इंच शिरलेले हवे, ते होते. मातीच्या किंवा दगडाच्या फार जुन्या घरांत मात्र चौकटीच्या डोक्यावर नुसती लाकडी फळी असते आणि पुष्कळदा चौकटच तिला आधार देत उभी असते. तिथे चौकट काढली की वरची भिंत खाली येऊ शकते. अशा घरी आणि दार रुंद करायचे असेल तिथे कुठल्याही घरी, आधी इंजिनिअरला दाखवावे, टेकू द्यावेत, नवे लिंटेल टाकावे. शहरातल्या नव्या उंच इमारतींत, ज्यांना मिवान पद्धतीच्या म्हणतात, सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. तिथे सोसायटीच्या आणि इंजिनिअरच्या परवानगीशिवाय भिंतीला छिन्नीही लावू नये.

चौकट काढणे हे घाईचे काम नाही. आधी झडपेखाली पाचर मारून तिचे वजन उचलून धरायचे, मग बिजागऱ्यांचे स्क्रू. ते गंजलेले असतात. आदल्या रात्री तेल सोडून ठेवले की सकाळी निघतात. चौकट भिंतीत पोलादी पट्ट्यांनी धरलेली असते, त्यांना होल्डफास्ट म्हणतात, बहुधा प्रत्येक बाजूला तीन. गवंडी घण घेऊन आला तर त्याला चहा पाजून थांबवावे. चौकटीचे उभे लाकूड मध्यावर करवतीने तिरपे कापले की दोन तुकडे पहारीने आतल्या बाजूला ओढून येतात आणि होल्डफास्ट ग्राइंडरने भिंतीलगत कापता येतात. घणाचे धक्के मात्र शेजारच्या विटा सैल करतात. दाराजवळ बटणांचा बोर्ड असेल तर तारा भिंतीच्या आतून नेमक्या तिथूनच गेलेल्या असतात. ग्राइंडर चालवताना त्या भागाची वीज बंद ठेवावी. आमच्या चौकटीचे सागवान आतून वाळवीविना निघाले. झडपेचे मुलांसाठी लिहायचे मेज झाले, आणि चौकटीच्या लाकडातून सुताराने न्हाणीघराच्या वाटेवर भिंतीला धरायचा दांडा करून दिला.

चौकट काढल्याने काय मिळते ते इंचांत सांगतो. विटांमधले अंतर ३९ इंच. चौकटीची लाकडे प्रत्येकी अडीच इंच, म्हणून आत उरत होते ३४. उघडी झडप त्यातून आणखी सव्वा इंच खाई. चौकट गेल्यावर दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या पट्ट्या, मसाल्यासह प्रत्येकी दीड इंच धरून, लावल्या. मोकळी वाट मिळाली ३६ इंच, म्हणजे पूर्ण तीन फूट. वॉकर ३४ इंचांतूनही जातो, पण धरणाऱ्याची बोटे चौकटीला घासतात, आणि उद्या, अल्लाह न करो, चाकाची खुर्ची आली तर तिला हातांसकट तीन फूट हवेतच. ग्रॅनाइट सर्वांनीच लावावे असे नाही. नुसते प्लॅस्टर करून रंग दिला तरी चालते, आणि बाजूला एकेक इंच जास्त मिळतो. आमच्याकडे वॉकरचे पाय कडेला आपटणार, प्लॅस्टरचे कोपरे उडणार, हे दिसत होते, म्हणून दगड. त्याच्या कडा मात्र गोल करून घ्याव्या. नव्या ग्रॅनाइटची धार चामडी सोलते.

सर्वांत जास्त वेळ आम्ही खर्च केला तो उंबरठ्यावर, आणि तो सार्थकी लागला. चौकटीचे खालचे लाकूड निघाल्यावर दिसले की बैठकीची शहाबादी फरशी आणि मधल्या खोलीच्या टाइल्स यांत पाऊण इंचाचा फरक आहे. तरुण माणसाला पाऊण इंच कळतही नाही. पाय ओढत चालणाऱ्या माणसाला तो पाडतो, कारण पायरी दिसते आणि हा दिसत नाही. उतार बारास एक असावा असा संकेत आहे, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. पाऊण इंचाला नऊ इंच लागतात, आणि भिंत नऊ इंचीच होती. तेवढ्या रुंदीचा, चमक न काढलेला खरखरीत दगड हलक्या उतारावर बसवला. चमकदार दगड दुकानदार कौतुकाने दाखवतो, पण ओल्या पायांनी वजू करून येणाऱ्या वृद्धाच्या वाटेवर तो नको.

बाजूंचे काम दिसायला सोपे आणि बिघडायला त्याहून सोपे. जुने प्लॅस्टर चार-सहा इंच मागे खरवडायचे, विटा पाण्याने भिजवायच्या, जुन्या-नव्याच्या सांध्यावर चिकनमेश म्हणजे बारीक तारेची जाळी ठोकायची आणि मग एकास चार प्रमाणाचे प्लॅस्टर. जाळी नसेल तर पहिल्या उन्हाळ्यात नेमकी चौकटीच्या जुन्या रेषेवर भेग येते, आणि दार काढले तरी दाराची आठवण भिंतीवर राहते. ओळंबा लावून उभ्या कडा तपासाव्यात. काटकोनासाठी आम्ही दोन्ही कर्ण मोजायला लावले. ३६ इंच रुंदी आणि ८४ इंच उंची असेल तर कर्ण सुमारे ९१.४ इंच येतो. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकोन सरळ. गवंडी आधी हसला, मग दोरी घेऊन स्वतःच मोजू लागला. आठवीच्या वर्गात पायथागोरस कशाला लागतो असे विचारणाऱ्यांना आम्ही आता ते दार दाखवतो.

प्लॅस्टरला सात दिवस रोज पाणी मारावे आणि त्यानंतर पूर्ण वाळू द्यावे. इथे आपल्या घरांत एक अडचण हमखास येते, ईद! रमजानच्या आधी काम काढायचे आणि ईदच्या चांदरातीला रंग लागलाच पाहिजे असा आग्रह धरायचा. ओल्या प्लॅस्टरवर पुट्टी लावली तर बकरी ईदपर्यंत तिचे पोपडे निघतात. आम्ही काम रजब महिन्यातच उरकले. धूळ हा दुसरा मुद्दा. घरात आजारी माणूस असेल तर तोडफोडीचे दोन दिवस त्याला दुसऱ्या नातलगाकडे ठेवावे. ते शक्य नसेल तर ओल्या चादरी टांगून खोली वेगळी करावी. अम्मी दोन दिवस आमच्या खालांकडे राहिल्या आणि तिथून दर तासाला फोन करून कुठवर आले ते विचारत राहिल्या.

कमानीबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण गवंड्यापासून मेहुण्यांपर्यंत सर्वांनी पीओपीची कमान सुचवली. घर 'इस्लामी' दिसेल म्हणाले. विजापूरच्या आदिलशाही इमारतींतल्या कमानी आम्ही शाळेच्या सहलींत कितीदा पाहिल्या आहेत. तिथे कमान दगडाचे वजन पेलते, म्हणून ती सुंदर. लिंटेलखाली चिकटवलेली पीओपीची कमान काहीच पेलत नाही. शिवाय तीन फूट रुंदीवर अर्धगोल काढला तर मध्ये सात फूट उंची राहते आणि कडेला साडेपाच. घरातली उंच मुले तिथे डोके आपटतील. आमचे मत असे की मोठ्या हॉलमध्ये कमान शोभत असेल, तीन फुटांच्या वाटेवर चौकोनच बरा.

शेवटी पडदा, आणि तो संपूर्ण दुल्हनच्या मर्जीने झाला. तिची अट होती की पडदा अर्धवट नको. पडद्याचा दांडा मधल्या खोलीच्या बाजूला, वाटेच्या दोन्ही कडांपुढे आठ-आठ इंच जाईल असा बसवला. त्यामुळे बाजूला सारलेले कापड भिंतीवर राहते, तीन फुटांतला एक इंचही खात नाही. कापड दोन भागांत, कारण वॉकर धरलेल्या माणसाला एक अखंड पडदा दूर सारणे जमत नाही. दोन भाग असले की तो वॉकरनेच मधोमध दुभंगतो. खालून दोन इंच वर, म्हणजे पायात येत नाही. कापडाची परीक्षा दिवसा करू नये. रात्री आतला दिवा लावून बैठक अंधारी करावी आणि मग पाहावे. पातळ कापडातून आतल्या माणसाची सावली हलताना स्पष्ट दिसते. पहिली दोन कापडे याच कारणाने दुल्हनने नाकारली, तिसरे जाड केसमेंट पसंत केले आणि त्याला आतून अस्तर लावून घेतले. मुलांना सांगितले आहे की पडद्यापाशी आधी आवाज द्यायचा. मोठी माणसे खाकरतात किंवा सलाम करतात. पाहुणा बैठकीत असेल तर पडदा ओढलेला, एरवी बाजूला.

अम्मी आता अस्रनंतर स्वतःच बैठकीत येऊन बसतात. कुणी बायका भेटायला आल्या तर पडदा उघडा असतो आणि दुल्हन चहा घेऊन सरळ येते. पूर्वी ती स्वयंपाकघरातून वळसा घालायची. पडद्याचे तिने दोन जोड शिवून घेतले आहेत. एक धुवायला गेला की दुसरा त्याच सकाळी चढतो, कारण ती वाट एक दिवसही उघडी राहणार नाही, असे कामाला सुरुवात करतानाच ठरले होते.